लक्ष्मीपूजनाला जन्मलेल्या भाचीचं नाव 'ज्योत्स्ना' का नको

प्रश्न: माझ्या भावाला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव मी सांगायचं आहे आणि नावच ठरत नाही. दिवाळीशी जुळणारं हवं इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. आई म्हणते ज्योत्स्ना ठेवा, त्याचा अर्थ उजेड. वहिनीला कुहू आवडलंय. तिच्या इंदूरच्या माहेरून कार्तिकी सुचवलंय, कारण त्यांच्याकडे दिवाळी कार्तिकात येते. भावाला दिया हवंय. गुरुजींनी स्वाती नक्षत्र, चौथा चरण सांगून 'ता' अक्षर दिलंय. मला स्वतःला दीपाली आवडतं, पण ते जुनं झालं म्हणून सगळे हसले. वेबसाइटवर एकेका नावाचे तीन-तीन अर्थ सापडतात. यातलं बरोबर काय? आणि सणावरून नाव ठेवायची आपल्याकडे खरंच पद्धत होती, की हे हल्लीचं खूळ?
– एक आत्या, संगमनेर

उत्तर:

ताई, आधी ज्योत्स्नेचं बघू, कारण आईंना समजवायचं अवघड काम तुमच्याच वाट्याला येणार. ज्योत्स्ना म्हणजे कुठलाही उजेड नव्हे. ज्योत्स्ना म्हणजे चांदणं, फक्त चंद्राचा प्रकाश. आणि लक्ष्मीपूजन येतं आश्विनातल्या अमावस्येला. त्या रात्री पणत्या लावतो, कंदील टांगतो, तो आकाशात चंद्र नसतो तेव्हा. पंधरा दिवस आधी कोजागरीला जन्मली असती, तर ज्योत्स्नाइतकं नेमकं नाव शोधून मिळालं नसतं. पौर्णिमा, पूनम, चांदणी, इंदू, शशिकला ही सगळी नावं याच कारणाने बाजूला ठेवा. 'इंदिरा' मात्र या यादीत घालू नका. ते इंदूसारखं ऐकू येतं, पण चंद्राशी त्याचा संबंध नाही. ते लक्ष्मीचं नाव आहे आणि तुमच्या भाचीला चालेल.

सणावरून नाव निवडताना 'दिवाळी' एवढ्यावर थांबलं की असा घोटाळा होतो. दिवाळी सहा दिवसांची, आणि प्रत्येक दिवसाची तिथी वेगळी, देवता वेगळी, कथा वेगळी. नाव त्या दिवसाला लागू पडतं का, एवढं पाहिलं की निम्मी यादी आपोआप गळते.

कार्तिकीचंच बघा. इंदूरकर चुकलेले नाहीत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे वद्य पक्ष आधी आणि शुद्ध पक्ष नंतर. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि आंध्रात महिना अमावस्येला संपतो. त्यामुळे लक्ष्मीपूजनाची एकच रात्र त्यांच्या पंचांगात कार्तिक अमावस्या असते आणि आपल्या पंचांगात आश्विन अमावस्या. आपला कार्तिक उजाडतो पाडव्याला. शुद्ध पक्षाच्या बाबतीत दोन्हीकडे एकमत आहे, म्हणून पाडव्याला किंवा भाऊबीजेला झालेल्या मुलीला कार्तिकी म्हणायला कोणाचीच हरकत नसते. शिवाय आपल्याकडे 'कार्तिकी' म्हटलं की माणूस पंढरपूरला पोचतो. संगमनेरात वाढणाऱ्या मुलीला जन्मभर 'एकादशीची का गं तू?' हा प्रश्न ऐकावा लागेल. नाव सुंदरच आहे, पण हिच्या जन्माचा पत्ता ते चुकीचा सांगतं.

वहिनींच्या कुहूबद्दल मात्र एक गोष्ट तुमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. कोकिळेचा आवाज म्हणून ते त्यांना आवडलं असणार, आणि तो अर्थ आहेच. पण संस्कृतात कुहू म्हणजे अमावस्याही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात चार रात्रींना चार नावं दिली आहेत. चंद्र एका कलेने अपुरा असेल ती पौर्णिमा अनुमती आणि पूर्ण असेल ती राका. अमावस्येला चंद्राची रेघ दिसली तर ती सिनीवाली आणि कलाही दिसेनाशी झाली की ती कुहू. भागवतात या चौघी अंगिरस ऋषी आणि श्रद्धा यांच्या मुली म्हणून येतात. अधिक काटेकोर हिशेब असा, की चतुर्दशीला लागून असलेली अमावस्या सिनीवाली आणि प्रतिपदेला लागून असलेली कुहू. हौस असेल तर त्या दिवशी अमावस्या किती वाजता लागली आणि किती वाजता संपली हे पंचांगात पाहून घ्या. नाही पाहिलंत तरी बिघडत नाही. सिनीवालीला ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात 'आम्हाला संतती दे' अशी प्रार्थना केलेली आहे. अर्थाने ते नाव फार गोड आहे, पण शाळेच्या हजेरीत त्याचं काय होईल याचा विचार करून आम्ही ते सुचवत नाही.

अमावस्येचं नाव मुलीला कसं ठेवायचं, असं कोणी वडीलधाऱ्यांनी म्हटलं तर त्यांना लक्ष्मीपूजनाची आठवण करून द्या. इतर अमावस्यांना आपण कामं पुढे ढकलतो. या एका अमावस्येला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. 'अमा' या शब्दाचा मूळ अर्थही भीतिदायक नाही. अमा म्हणजे एकत्र, सोबत. सूर्य आणि चंद्र ज्या रात्री एकत्र राहतात ती अमावस्या.

आता दिया आणि दीपाली. दिया हा हिंदी शब्द. संस्कृत दीपकाची प्राकृतात झीज होऊन हिंदीत तो दिया झाला आणि मराठीत दिवा. अर्थाच्या बाजूने काही दोष नाही. अडचण आहे ती कानाची. हिंदी बोलणारी पोरं 'किसने दिया, क्या दिया' करून पिडतात, हे भावाला आधीच सांगून ठेवा. वेबसाइटवाले दियाच्या शेजारी दिव्या ठेवून दोन्हींचा अर्थ 'दिवा' देतात, ते मात्र साफ चूक. दिव्या हे 'दिव्', म्हणजे आकाश, स्वर्ग, यावरून आलं. दिव्या म्हणजे स्वर्गीय. 'दिव्याला तेल घाल' यातला दिव्या हे दिवा शब्दाचं सामान्यरूप आहे. उच्चार करून पाहिला तरी फरक कळतो. मुलीला हाक मारताना 'दि'वर जोर येऊन 'व'चं द्वित्व होतं. दिव्यात तेल घालताना तसं होत नाही. आणि अस्सल मराठी दिवाच हवा असेल तर आपल्याकडे पणती आहे. घरात पणजी असेल तर तुमची भाची तिची पणती आहेच, वेगळं नाव ठेवायची गरज नाही.

दीपाली हे 'दीपावली'चं कापून छोटं केलेलं रूप आहे, असं बहुतेकांना वाटतं. तसं समजायचं कारण नाही. आवली म्हणजे रांग आणि आली म्हणजेही रांग. अमरकोशात दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच अर्थाने दिले आहेत. म्हणजे दीप अधिक आली हा स्वतंत्र समास आहे, दिव्यांची ओळ. आलीचा दुसरा अर्थ सखी, तोही काही वाईट नाही. रूपाली, सोनाली ही नावंही कानाला तशीच लागतात. वैशालीचा मात्र आलीशी संबंध नाही, ते प्राचीन नगरीचं नाव.

लिहिताना 'दी' दीर्घच हवी. मूळ धातू 'दीप्' दीर्घ आहे आणि दीपाली, दीपक, दीपिका, दीप्ती ही त्यातून जशीच्या तशी आलेली नावं. 'दिपाली' आणि 'दिपक' दुकानांच्या पाट्यांवर पुष्कळ दिसतात, म्हणून ती शुद्ध होत नाहीत. दिवाळी, दिवा यांत 'दि' ऱ्हस्व, कारण ते शब्द प्राकृतातून झिजून मराठीत आले आणि मराठीच्या नियमाने लिहिले जातात. बहुतेकांची गल्लत इथेच होते. दिवाळीची ऱ्हस्व दि दीपालीला लावतात.

जुनं झालं म्हणून हसले, त्याचं फार मनावर घेऊ नका. तुमच्या वर्गात तीन दीपाली असतील. तिच्या वर्गात तीन अनन्या आणि चार आराध्या असतील, दीपाली बहुधा ती एकटीच.

दिव्यांच्या नावांत आणखी एक आहे, बंगालमध्ये रुळलेलं: दीपान्विता. दीप अधिक अन्विता, दिव्यांनी युक्त. बंगालीत ते याच अमावस्येचं नाव आहे, त्यामुळे अर्थाने याच्याइतकं नेमकं दुसरं नाही. त्याच रात्री तिकडे कालीपूजा असते, तिला श्यामापूजाही म्हणतात. म्हणून बंगालात श्यामा हेसुद्धा दिवाळीचं नाव ठरतं. आपल्याकडे श्यामा म्हटलं की गाय आठवते, तेव्हा ते तिकडेच राहू द्या.

दिव्याऐवजी देवतेकडे वळायचं असेल तर लक्ष्मीची नावं भरपूर आहेत: रमा, इंदिरा, पद्मा, कमला, भार्गवी. भार्गवी ऐकायला अगदी आजचं वाटतं, पण जुनंच आहे. लक्ष्मी ही भृगू ऋषींची कन्या, म्हणून भार्गवी. यांत आमचं झुकतं माप रमाला. अर्थ रमवणारी, आनंद देणारी. आणि पंचांग काढून पाहा, लक्ष्मीपूजनाच्या आधीची आश्विन वद्य एकादशी 'रमा एकादशी' म्हणूनच छापलेली असते. दोन अक्षरं, ना जोडाक्षर ना ऱ्हस्व-दीर्घाचा वाद. रमाबाई रानडे, पंडिता रमाबाई, रमाबाई आंबेडकर यांच्यामुळे मराठी घरात ते नाव परकं वाटायचा प्रश्नच नाही.

पत्र वाचणाऱ्यांत दिवाळीच्या इतर दिवशी पाळणा हललेली घरं असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, म्हणून नंदिनी (वसिष्ठांची गाय) किंवा सुरभी. धनत्रयोदशीला धनश्री. धनिष्ठा नको, ते वेगळंच नक्षत्र आहे. नरकचतुर्दशीला सत्यभामा, घरात भामा. पाडवा हा प्रतिपदा शब्दाचाच प्राकृतातून आलेला अवतार. तो दिवस बळीराजाचा. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला. आजीच्या पिढीत यमुनाबाई घरोघर होत्या. आज ते नाव कोणी घेत नाही, ही आम्हाला हळहळ वाटणारी गोष्ट.

सणावरून नावं ठेवणं हे हल्लीचं खूळ नाही. जन्मतारीख लिहून ठेवायची सोय नव्हती तेव्हा नाव हीच नोंद असे. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी. खेड्यातल्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. पण एखादीचं नाव पंचमी असलं तर तिच्या जन्माची तिथी तरी नावात शाबूत राहिली. गुजरातेत दिवाळी हे सरळ मुलीचं नाव आहे. लोकगायिका दिवाळीबेन भील यांना १९९० साली पद्मश्री मिळाली. मराठीत ते रुजणं कठीण, कारण आपल्याकडे 'दिवाळं' शेजारीच बसलेलं असतं. मराठीची ही खोडच आहे. सणाच्या नावांना तिने वाक्प्रचार चिकटवून ठेवलेत. संक्रांत येते, शिमगा होतो, आणि एकादशीच्या घरी शिवरात्र जाते. दसऱ्याला झालेल्या मुलीचं विजया हे नाव उत्तम, फक्त आयुर्वेदात विजया म्हणजे भांग, एवढं माहीत असू द्या.

इतर धर्मांतही हेच आहे. दादाभाई नौरोजींच्या नावातला नौरोजी हे त्यांच्या वडिलांचं नाव, नवरोज या पारशी सणावरून आलेलं. नवरोज म्हणजे नवा दिवस. मुसलमान घरांत रमजान आणि ईदू. ईद या शब्दाच्या मुळाशी परत येणं आहे, दरवर्षी फिरून येणारा दिवस. गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये नाताळावरून नातालिना, ईस्टरवरून पास्कोआल, ८ सप्टेंबरच्या मोंती फेस्तावरून (मेरीच्या जन्माचा सण) नातिविदाद आणि ८ डिसेंबरच्या फेस्तावरून (मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण) कोन्सेसांव. नाताळ हा आपला शब्दही पोर्तुगिजांकडूनच आला. त्याच्या मुळाशी जन्म आहे.

आता गुरुजींचं 'ता'. लक्ष्मीपूजनाला चंद्र सूर्याजवळ असतो, म्हणून त्या दिवशी बहुधा चित्रा किंवा स्वाती नक्षत्र मिळतं. स्वातीची चार अक्षरं रू, रे, रो, ता. चौथ्या चरणाचं ता, म्हणजे गुरुजींचा हिशेब बरोबर आहे. पण या अक्षरावरून ठेवायचं ते नावरस नाव, पत्रिकेतलं. तेच शाळेत लावलं पाहिजे असं कुठेही नाही. नामकरण विधीत मुळातच चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. तुमच्या घरातलं भांडण या चार घरांत सहज मावतं. 'ता'साठी वेबसाइटवर तान्या सापडेल आणि त्याचा काहीतरी संस्कृत अर्थही. तो लावलेला अर्थ आहे. तान्या हे तातियाना या नावाचं रशियन लाडकं रूप. तारा घ्या. चंद्र नसलेल्या रात्री चांदण्या सर्वांत ठळक दिसतात, म्हणजे अमावस्येलाही ते शोभतं. देवीचं नाव म्हणून तारा म्हणजे तारून नेणारी. आणि महाराणी ताराबाईंच्या महाराष्ट्रात या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही.

म्हणून आमची मांडणी अशी. नक्षत्रनाम तारा. हाक मारायला कुहू, म्हणजे वहिनींचं मन राहतं आणि तिथीही सांभाळली जाते. व्यवहाराला दीपाली. घर अगदीच अडून बसलं तर रमा. मासनामाच्या वेळी गुरुजींना महिना आश्विन सांगा, इंदूरच्या आग्रहाने कार्तिक नको. एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. आत्याचा मान नाव कानात सांगण्याचा असतो, ठरवायचं ते आईबापांनी. दीपालीचा हट्ट एका मर्यादेपुढे नेऊ नका.

नाव तपासायचं कसं, तेही सांगतो. शब्द आधी देवनागरीत नीट लिहा. तो संस्कृत वाटत असेल तर आपट्यांचा कोश, मराठी वाटत असेल तर मोल्सवर्थचा. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शब्द दोन्हींत नसेल तर तो दुसऱ्या भाषेतला किंवा नुकता जुळवलेला समजा. जुळवलेला असला म्हणून टाकाऊ नसतो, फक्त त्याला 'वेदातलं नाव' म्हणून मिरवू नका. मग नाव आडनावासकट मोठ्याने दहा वेळा म्हणा. घरातल्या सर्वांत लहान मुलाला म्हणायला सांगा. तो जे करेल तेच वर्गात होणार.

शेवटी कागद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर माहिती दवाखानाच कळवतो. पण त्या वेळी बाळाचं नाव दिलंच पाहिजे असं नाही. घाईने 'दिया' लिहून मोकळे झालात तर पुढे निस्तरत बसाल. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. नंतर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नाव भरता येतं, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा भरलेलं नाव बदलणं सोपं नाही. लेखनातली चूक दुरुस्त करून मिळते, विचार बदलला म्हणून दुसरं नाव मिळवायचं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे इथली चूक सगळीकडे सोबत येते.

रोमन लिपीतलं स्पेलिंग बारशाच्या आधीच ठरवा. दीपालीत डी-नंतर दोन ई की एक आय, आणि शेवटी आय की दोन ई, हे एका कागदावर लिहा, त्यावर भाऊ-वहिनी दोघांची सही घ्या आणि जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच द्या. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

वाढदिवसाचंही आत्ताच ठरवून टाका. लक्ष्मीपूजन दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं आणि अधिक महिना आला की सुमारे १९ दिवस पुढे उडी घेतं. तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र यायला साधारण १९ वर्षं लागतात. तोवर केक तारखेला, औक्षण तिथीला. दोन्ही दिवशी नवा फ्रॉक मागितला तर तो आत्याने घ्यायचा.